थोरली, धाकटी आणि एक पेनी

"दोन किलो तीनशे," ग्वेंडाने काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि चष्म्याच्या वरून नवऱ्याकडे पाहिले. "म्हणजे साखरेच्या दोन पिशव्या आणि वर लोण्याची वडी. हे हातात धरून तू सहा-सहा तास शेतं झाडतोस. आणि घरी येऊन मला म्हणतोस, ग्वेंडा, फळीवरची बिस्किटाची बरणी काढून दे, माझा हात वर जात नाही."

"झाडत नाही. शोधतो," नेव्हिल थर्टल म्हणाला. त्याचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता, त्यामुळे उत्तरातला निम्मा रुबाब आधीच गळून गेला होता.

पीठ मोजायच्या काट्यावर त्याचा मेटल डिटेक्टर आडवा पडला होता. कोपराखाली बॅटऱ्यांचा जड डबा, मध्ये चिकटपट्ट्यांनी सांधलेला दांडा आणि टोकाला थाळीएवढी तबकडी. बावीस वर्षे ही तबकडी इंग्लंडातल्या सफकच्या मातीवरून संथ लंबकासारखी झुलत आली होती. ढेकळांखाली शतकानुशतके गप्प पडलेले जे काही होते, ते तिने नेव्हिलच्या कानात कुजबुजले होते: खोगिराचे बकल, कुणा सैनिकाची शिशाची गोळी, कुणा मजुराच्या कोटाचे शेवटचे बटण. ग्वेंडा या यंत्राला 'थोरली' म्हणत असे. लग्न आपले आधीचे असले तरी घरात पहिला मान हिचा, असा त्यात टोमणा होता. आणि बावीस वर्षांत नेव्हिलने तो एकदाही खोडून काढला नव्हता.

खांद्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मात्र स्पष्ट सांगितले होते. एक तर हा नाद सोडा, नाही तर हलके यंत्र घ्या. एरवी नेव्हिलने खांदा हिवाळाभर शेकत बसणे पत्करले असते. पण सोमवारी सकाळी त्यांच्या मेटल डिटेक्टर क्लबला एक पत्र आले होते, आणि त्याची प्रत आता लोण्याच्या भांड्याला टेकून उभी होती.

पत्र म्यूटिमरबाईंचे होते. त्यांचे ते चौदा एकरांचे शेत नेव्हिल अकरा वर्षे रस्त्यावरून पाहत आला होता. कडेला पडक्या चॅपलचे, जुन्या प्रार्थनाघराचे, चार दगड, मध्ये हलका उंचवटा, आणि तिन्हीसांजेला त्या उंचवट्यावरून ओसरणारा असा काही उजेड, की आत नक्कीच काहीतरी जागे आहे असे वाटावे. अकरा वर्षांत त्याने अकरा पत्रे लिहिली होती. अकरा वेळा 'नाही' आले होते. आणि आता बाईंनी कळवले होते: बार्ली कापून झाली आहे, नवी पेरणी पंधरा दिवसांनी आहे, तेव्हा येत्या रविवारी नऊ ते एक क्लबच्या सर्वांनी यावे. त्यानंतर त्यांच्यातल्या एकालाच, फक्त एकालाच, कायमची परवानगी मिळेल. शेवटी शाईने अधोरेखित केलेली एक ओळ होती: 'आजवर माझ्या दारावर टकटक न करता ज्यांनी शेतात पाऊल टाकले, त्या सगळ्यांचे चेहरे माझ्या लक्षात आहेत.'

"सहा दिवस आहेत," नेव्हिल म्हणाला. त्याचे डोळे दहा वर्षांच्या पोरासारखे चमकत होते. "सहा दिवसांत एक हलकी, वापरलेली, चांगल्या कानांची मशीन. मिळेल, ग्वेंडा!"

"मिळव की. पण एक आली की दुसरी जाणार. दोन-दोन सवती मी या घरात नांदवणार नाही."

*

पहिले यंत्र एका गॅरेजात होते. काट्यावर ते दीड किलो भरले. काटा ग्वेंडाने मांडीवर घेऊन गाडीतून आणला होता. पण सारे वजन पुढच्या टोकाला होते. नेव्हिलने हात झोळीतून काढून ते धरताच यंत्राने नाक खाली घातले आणि बिस्किटाचा वास लागलेल्या कुत्र्यासारखी जमिनीकडे धाव घेतली. नेव्हिलचा खांदा कळवळला. यंत्राचे वजन किती याहून ते कुठे आहे याला महत्त्व असते, हे त्याला त्या क्षणी उमगले, आणि माणसांच्या दुःखांनाही तोच नियम लागू असावा, असा एक विचार मनाला चाटून गेला. तो त्याने ग्वेंडाला बोलून दाखवला.

"काटा धर आणि गाडीत बस," ग्वेंडा म्हणाली.

दुसऱ्या यंत्राच्या मालकाने ते दिवाणखान्यातच, सोफ्यावर ठेवलेल्या चमच्यावर वाजवून दाखवले आणि मातीवर न्यायला नकार दिला. तबकडीची केबल एका जागी चिरली होती. तिथे त्याने बोट ठेवले होते आणि ते शेवटपर्यंत उचलले नाही.

नेव्हिल असा फसणारा नव्हता. त्याच्या खिशात तंबाखूची एक जुनी डबी असे, आणि डबीत चार 'परीक्षक'. एक झिजलेले रोमन तांब्याचे नाणे, एक शिशाची गोळी, एक पितळी बटण आणि चौथी म्हणजे त्याचा जीव की प्राण, सातशे वर्षांपूर्वीची चांदीची पेनी. नखाएवढी, कागदासारखी पातळ, राजाची हनुवटी कातरीने कुणीतरी उडवलेली. थोरलीने पहिल्याच वर्षी दिलेले हे पहिले दान. ही चार रत्ने जमिनीत निरनिराळ्या खोलीवर पुरायची, वर आइस्क्रीमच्या काड्या खोवायच्या आणि यंत्र फिरवायचे. गोळीवर तर कुठलेही यंत्र ओरडते. खरी परीक्षा पेनीची. तिचा आवाज कापसावर पडलेल्या थेंबाइतकाच येतो, आणि तो ज्याला ऐकू येतो तेच यंत्र घ्यायचे.

मंगळवारी दुपारी तो तिसऱ्या पत्त्यावर पोहोचला, एकटाच. ग्वेंडाला दाताच्या डॉक्टरकडे जायचे होते. मालकाचे नाव डेस्मंड लार्टर. सहा महिन्यांपूर्वीच तो या वस्तीत राहायला आला होता. खुब्याचे ऑपरेशन झाले होते, आता गुडघ्यावर बसून खणणे जमत नव्हते, म्हणून यंत्र विकायला काढले होते. तबकडीला झाकण, झाकणावर मोजके ओरखडे, केबल धडधाकट. नेव्हिलने झोळीतला हात सोडवून दांडा घेतला आणि तो थबकला.

"हे... हातात आहे ना?"

"एक किलो दोनशे," डेस्मंड अभिमानाने म्हणाला. "बॅटरी मुठीतच. मी तर एकदा खांद्यावर टाकून अर्धा तास हिलाच शोधत होतो."

"मातीवर बघू या?"

"बघू की. पण अंगणात मी फरशी घातलीय. असं करा, कुंपणाला फट आहे, पलीकडे चार पावलं गेलं की मऊ माती. सगळे कुत्री फिरवतात तिकडे."

"शेत कुणाचं?"

"असेल कुणा बाईचं. कोपऱ्यात कोण बघतंय, दोस्ता?"

इथे नेव्हिलने थांबायला हवे होते. बावीस वर्षांत त्याने कुणाच्या वीतभर जमिनीवरही न विचारता तबकडी नेली नव्हती. या छंदात त्याहून मोठे पाप नाही. पण हातात एक किलो दोनशेचे ते यंत्र होते, खांदा पहिल्यांदाच गप्प होता, आणि सुख माणसाला जितके बेसावध करते तितके दुःख कधीच करत नाही. तो फटीतून पलीकडे गेला.

पुढची दहा मिनिटे म्हणजे निव्वळ आनंद होता. परीक्षक पुरले गेले. काड्या उभ्या राहिल्या. तबकडी धसकटांवरून अशी झुलू लागली की जणू नेव्हिलच्या हाताला वाऱ्यानेच खाली आधार दिला होता. गोळी ओरडली. बटण खणखणले. रोमन नाणे उतरत्या सुरात हुंकारले. आणि मग, चौथ्या काडीपाशी, कानातल्या शांततेत एक थेंब पडला.

"ऐकलं!" नेव्हिल ओरडला. "डेस्मंड, पेनी ऐकली हिने! वीतभर खाली, तीही उभी पुरलेली!"

"सांगतो काय मग!"

त्याच वेळी शेजारच्या शेतात पाखरे उडवायची गॅसची तोफ धडाडली. दोघेही दचकून वळले, आणि नेव्हिलची नजर उंचवट्यापलीकडे गेली. तिथे गुरांना पाणी पाजायला ठेवलेला एक जुना पांढरा बाथटब होता. त्याच्या पायांपैकी एक तुटला होता आणि तिथे विटा लावल्या होत्या. रस्त्यावरून कितीदा तरी पाहिलेल्या त्या विटा नेव्हिलला ओळखीच्या वाटल्या. टबामागे चॅपलचे चार दगड होते.

ज्या शेताकडे त्याने अकरा वर्षे पुढून पाहिले होते, त्यात तो मागच्या बाजूने शिरला होता आणि त्याला ते ओळखू आले नव्हते.

"डेस्मंड," तो कुजबुजला, "हे म्यूटिमरबाईंचं शेत आहे."

"बरं मग?"

"मग मी मेलो!"

दूर, शेतघराच्या वरच्या खिडकीत काहीतरी उन्हात चमकले आणि विझले. नेव्हिल झटकन गुडघ्यांवर बसला. गोळी निघाली, बटण निघाले, रोमन नाणे निघाले. नेव्हिल खुरपे खुपसत असतानाच डेस्मंडने मदत म्हणून काड्या गोळा करायला घेतल्या आणि नव्या खुब्यासह त्याला जमेल तेवढ्या वेगाने कुंपण गाठले. त्याच्या हातात काड्या तीन होत्या.

"चौथी?"

"तिथंच असेल. काडीच तर आहे."

काडीच होती, पण बार्लीच्या धसकटांच्या रानात, जिथे काडीसारख्याच दहा लाख काड्या उभ्या होत्या. "यंत्र!" नेव्हिल म्हणाला. यंत्राने एक दीन शीळ घातली आणि डोळे मिटले. डेस्मंडने बॅटरी आदल्या रात्री चार्जिंगला लावायची म्हणून ठरवले होते, लावली नव्हती. वाटेवरून ट्रॅक्टरचा आवाज येऊ लागला, तसा नेव्हिल फटीतून अलीकडे आला. त्याच्या एका हातात आयुष्यातले सर्वांत सुंदर यंत्र होते, आणि तंबाखूच्या डबीत चौथ्या परीक्षकाची जागा रिकामी होती.

*

"सरळ जा, दार वाजव आणि सांग," ग्वेंडा म्हणाली. दातामुळे तिचा एक गाल सुजला होता आणि त्यामुळे सल्ला अधिकच कठोर वाटत होता.

"काय सांगू? तुमच्या दारावर टकटक न करता आत शिरलो होतो, हे सांगायला टकटक करतोय म्हणून?"

"हो. तेच."

बुधवारी तो शेतघराच्या फाटकापर्यंत गेलाही. कडीला हात लावला. आत कुत्रे एकदाच भुंकले आणि त्याला तो आवाज फार जाणता वाटला. तो परत आला. गुरुवारपर्यंत त्याची योजना तयार झाली होती: रविवारी परवानगी असतानाच जायचे, सर्वांत आधी त्या कोपऱ्यात पोहोचायचे, पेनी उचलायची, खिशात टाकायची. कुणाचे काहीच जात नव्हते.

"चोरीसारखंच दिसतंय हे," ग्वेंडा म्हणाली.

"माझंच नाणं आहे!"

"मग तुझ्याच खिशात टाकताना इतका घाम का फुटतोय रे तुला?"

घरच्या नियमाप्रमाणे शनिवारी थोरली गेली. ती घेतली ऑब्रे कॅचपोलने. ऑब्रे म्हणजे क्लबचा सचिव. पूर्वीचा खाटीक, त्याच्या खांद्यावर अर्धा बैल सहज बसत असे. म्यूटिमरबाईंच्या शेतावर त्याचाही डोळा होता, आणि अशा प्रसंगी दोन यंत्रे जवळ असावीत एवढाच हिशेब त्याने केला होता.

"म्हातारीचे कान ठीक आहेत ना, थर्टल?" थोरलीला एका बोटावर तोलत त्याने विचारले.

"तुझ्यापेक्षा बरे आहेत," नेव्हिल म्हणाला आणि दार लावून घेतले. मग तो बराच वेळ दारामागेच उभा राहिला. ग्वेंडाने ते पाहिले आणि चहा टाकला.

*

रविवारी सकाळी दव इतके दाट होते की धसकटे चांदीची वाटत होती. क्लबचे आठ जण फाटकाशी ओळीने उभे होते. म्यूटिमरबाई, उंचीने बेताच्या, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, शेजारी कुत्रे. त्यांनी घड्याळ पाहिले.

"खणलेला खड्डा बुजवायचा. जे सापडेल ते एक वाजता माझ्या टेबलावर. निम्मं तुमचं, निम्मं माझं. सुटा!"

सात जण चॅपलच्या दगडांकडे निघाले. कुणीही शहाणा माणूस तिकडेच गेला असता. नेव्हिल मात्र उलट्या दिशेला, सर्वांत दूरच्या, सर्वांत रुक्ष कोपऱ्याकडे चालू लागला. चालता चालता त्याचा वेग वाढला. अडुसष्टाव्या वर्षी माणूस धावत नाही. पण तो जे करत होता त्याला दुसरा शब्द नव्हता.

ऑब्रे थांबला. त्याने नेव्हिलकडे पाहिले, मग चॅपलकडे, मग पुन्हा नेव्हिलकडे.

"अकरा वर्षं हा या शेताचे नकाशे बघतोय," तो शेजारच्याला म्हणाला. "आणि आज चॅपल सोडून त्या कोपऱ्यात पळतोय. काहीतरी ठाऊक आहे लेकाला!"

पाच मिनिटांत चौदा एकरांचे शेत रिकामे झाले होते आणि आठही माणसे एका अंगणाएवढ्या कोपऱ्यात एकमेकांच्या तबकड्या चुकवत फिरत होती. आठ यंत्रे इतक्या जवळ आली की एकमेकांच्याच आवाजाने किंचाळू लागली.

"जरा लांब सरका की!" नेव्हिल काकुळतीने म्हणाला.

"का रे? काय पुरलंयस इथं?" ऑब्रेने हसत विचारले.

त्यात कुंपणापलीकडून एक डोके वर आले. डेस्मंड लार्टर शिडीवर चढला होता. मंगळवारच्या प्रकाराची त्याला मनापासून खंत होती आणि मदत करायचे त्याने ठरवले होते. "डावीकडे!" तो ओठांनीच, पण फार मोठ्याने म्हणाला. "अजून डावीकडे, दोस्ता! खांबापासून सात पावलं!"

आठही यंत्रे डावीकडे वळली.

"हा कोण?" ऑब्रेने विचारले.

"ओळखत नाही," नेव्हिल म्हणाला.

"नेव्हिल!" शिडीवरून हाक आली. "बॅटरी भरलीयस ना आज?"

धाकटी, म्हणजे डेस्मंडकडून घेतलेले नवे यंत्र, आपले काम चोख करत होती. तास झाला, दोन झाले, खांद्याने एकदाही तक्रार केली नाही. पण कानात पडायचा तो थेंब पडला नाही. बाटल्यांची झाकणे निघाली, नांगराचा तुटका दात निघाला. काडीचा पत्ता नव्हता. आणि सव्वाबारा वाजता, नेव्हिलपासून चार पावलांवर, जिथून तो नुकताच पुढे सरकला होता, तिथे थोरली बोलली. हेडफोन ऑब्रेच्या कानांवर होता, तरी नेव्हिलला कळले. बावीस वर्षे सोबत काढलेल्या यंत्राचा दांडा कुठल्या आवाजावर कसा थबकतो, हे त्याला पाठ होते.

ऑब्रे गुडघ्यावर बसला. त्याने मातीचा गोळा हातात घेतला, तो दोन बोटांनी फोडला आणि जागच्या जागी खच्चून ओरडला, "चांदी! पोरांनो, चांदी! हातोड्यानं छाप ठोकलेली जुनी पेनी!"

त्याच्या रुंद तळव्यावर, चिखलाने माखलेली, नखाएवढी एक चकती होती. कडेला क्रूसाची एक रेघ तेवढी उघडी पडली होती. नेव्हिलला राजाची हनुवटी पाहण्याची गरज भासली नाही. आपली पेनी आपल्याच जुन्या यंत्राने दुसऱ्याला काढून दिली, एवढे त्याला पुरेसे होते.

*

शेतघराच्या अंगणात लाकडी टेबल मांडले होते. त्यावर चहाची किटली, सॉसेज रोल्स, चीजचा मोठा तुकडा, चीज कापायची सुरी आणि मधोमध बशीत ती चिखलाची चकती. धुवायची नाही, पुसायची नाही, हा नियम ऑब्रे कटाक्षाने पाळत होता. बाकी काहीच पाळणे त्याला शक्य नव्हते.

"जत्रा!" तो म्हणत होता. "चॅपलमागे जत्रा भरायची, बाई, सातशे वर्षांपूर्वी. मी कधीपासून म्हणतोय. कुणीतरी गाय विकली असणार, आणि पेनी पडली असणार. उद्याच जिल्ह्याच्या पुरावस्तू नोंदणी अधिकाऱ्यांना कळवतो. नकाशावर इथे ठिपका येणार. कायमचा!"

म्यूटिमरबाईंनी चहाचा घोट घेतला. "आणि थर्टल, तुम्ही? तुम्ही का गप्प? तुम्हाला काय वाटतं, होती का इथं जत्रा?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. गप्प राहणे किती सोपे होते! मान हलवली असती तरी पुरले असते. पेनी गेली असती, पण शेत उरले असते. निदान आशा तरी उरली असती. नेव्हिलने बशीकडे पाहिले. त्या नाण्यावरून आता एक खोटी जत्रा उभी राहणार होती. तिच्यात खोट्या गाई विकल्या जाणार होत्या, आणि शंभर वर्षांनी कुणी तरुण मुलगी नकाशावरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणणार होती, इथे माणसे जमत असत. मातीने आजवर त्याच्याशी एकदाही खोटे बोललेले नव्हते.

तो उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"जत्रा नव्हती, बाई. ती पेनी माझी आहे. मंगळवारी ती मीच पुरली. नवीन यंत्र घ्यायचं होतं, हलकं, खांद्यामुळे. ते पारखायला मी कुंपणातून आत आलो. शेत तुमचं आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण कुणाचं तरी आहे हे ठाऊक होतं, आणि तरी आलो. राजाची हनुवटी कातरलेली असेल. बघा."

कुत्र्याने सॉसेज रोलकडे पाहणे थांबवले.

"न विचारता?" ऑब्रेचा आवाज चिरका झाला. "थर्टल! तू? क्लबमधून नाव काढावं लागेल तुझं!"

"काढ."

"थांबा हो, कॅचपोल," म्यूटिमरबाई म्हणाल्या. त्यांनी एप्रनच्या खिशात हात घातला आणि टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक आइस्क्रीमची काडी. आणि कागदाच्या घडीत, स्वच्छ, पातळ, हनुवटी कातरलेली एक पेनी.

नेव्हिलने टेबलावर वाकून पाहिले.

"मंगळवारी मी वरच्या खिडकीतून टिटव्या मोजत होते," बाई म्हणाल्या. "दुर्बिणीत टिटव्यांऐवजी दोन म्हातारे आले. आता शेतात चोर शिरलेले मी पुष्कळ पाहिलेत. सगळे काढून नेतात. तीस वर्षांत, काहीतरी घेऊन येऊन माझ्या शेतात पुरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला! खाली येऊन बघितलं तर काडी उभी. खाली ही. बुधवारी तुम्ही फाटकाची कडी धरून उभे होतात, तेव्हा मी दारामागंच होते. म्हटलं, बघू, टकटक करायला किती दिवस लागतात ते."

"पण मग," नेव्हिल अडखळला, "मग ही बशीतली?"

ऑब्रे आता नियम विसरला. त्याने बशीत चहा ओतला आणि अंगठ्याने चिखल चोळला. राजा वर आला: केस कुरळे, मुकुट शाबूत, हनुवटी अगदी गोल, पूर्ण. ऑब्रेने ते नाणे सर्वांपुढे धरले.

"म्हणजे जत्रा होती," नेव्हिल हळूच म्हणाला. आपण विनाकारण कबुली दिली हे त्याच्या ध्यानात आले, आणि आश्चर्य म्हणजे त्याचे त्याला काहीच वाटले नाही. त्याला फक्त आनंद झाला होता, ओरडावेसे वाटेल असा. "ऑब्रे, अरे, खरंच जत्रा होती! माझ्यापासून चार पावलांवर!"

"तुझ्या म्हातारीनं ऐकलं," ऑब्रे घोगऱ्या आवाजात म्हणाला.

बाईंनी नेव्हिलची पेनी दोन बोटांत उचलली. "आता हिचं काय? माझ्या शेतातून जे निघेल त्याचं निम्मं माझं. तुमच्याच क्लबच्या कागदावर आहे ना, कॅचपोल?"

"आहे, बाई."

"ही निघाली माझ्या शेतातून." त्यांनी चीज कापायची सुरी जवळ ओढली. जुन्या काळी पेनी कापूनच अर्धी करत, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होते. नेव्हिलने हात आडवा घातला.

"बाई, हवं तर सगळी घ्या. कापू मात्र नका."

"चीज कापतेय हो मी!" म्यूटिमरबाई म्हणाल्या आणि तुकडा त्याच्या पुढे सरकवला. "सहा महिने ती माझ्या खिडकीत राहील, सहा महिने तुमच्या डबीत. ऑक्टोबरला आणून द्यायची, एप्रिलला न्यायची. आणि मधल्या काळात, नांगर चालत नसेल तेव्हा, शेतात यायला तुम्हाला माझी मोकळीक आहे."

"याला?" ऑब्रे उसळला. "चांदी मी काढली! आणि हा तर न विचारता..."

"तुम्हाला चांदीचं निम्मं मिळेल, कॅचपोल, आणि तुमचा ठिपका. यांना शेत. हे गप्प बसले असते तर शेत तुमचं होतं आणि यांची पेनी कायमची माझ्या खिडकीत." मग त्या नेव्हिलकडे वळल्या. "फक्त एक. पुढच्या वेळी दार वाजवायचं. पुढचं दार."

*

ग्वेंडा दारातच उभी होती. "काय झालं? शेत?"

"मिळालं!"

"आणि पेनी?"

"अर्धी. म्हणजे पूर्णच, पण अर्धं वर्ष. सांगतो सगळं, थांब." त्याने धाकटीला कोपऱ्यात उभे केले, बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरला, आणि बोलता बोलता, जत्रा, टिटव्या, ऑब्रेचा चेहरा, चहात न्हालेला राजा असे सगळे एका दमात सांगता सांगता उजवा हात उंच करून त्याने फळीवरची बिस्किटाची बरणी खाली घेतली. हे त्याच्या लक्षात आले नाही. ग्वेंडाच्या आले.

"म्हणजे खरी चांदी सापडली ती कुणाला?" तिने विचारले.

नेव्हिलने बिस्किट चहात बुडवले आणि जरा वेळ तसेच धरून ठेवले.

"थोरलीला."

"बघ," ग्वेंडा किटली पुन्हा भरत म्हणाली. "हे घर सोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिचं नशीब उघडलं. मीही विचार करतेय."